एल्फिन्स्टनचे निबंधकार : विद्यार्थ्यांच्या मतलेखनाचे पहिले पर्व

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि तेथून नुकतेच बाहेर पडलेले तरुण यांनी १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली, आणि सार्वजनिक प्रश्नावर स्वतःचे मत लिहून ते समवयस्कांच्या चर्चेसाठी ठेवण्याची शिस्त तेथे रुजली. येथला निबंध म्हणजे वर्गातला रचनाभ्यास नव्हे. सभासदाने लेख लिहून सभेत वाचावा आणि त्यावर श्रोत्यांनी वाद घालावा, अशी ती रीत होती. पुढे मराठी व गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, निघाल्या आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकामुळे असे विचार सभेबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचू लागले.

या लेखनाचे खरे मोल १८४९ मधील एका निबंधावरून कळते. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारा निबंध वाचल्यावर, मत मांडून थांबू नका, ते कृतीत आणा, असे आव्हान पॅटन यांनी सभासदांना दिले. आणि दादाभाई नौरोजी व त्यांचे सहकारी घरोघर जाऊन मुलींना शिकवण्याची परवानगी मागू लागले. काही गृहस्थांनी त्यांना जिन्यावरून खाली लोटण्याची धमकी दिली, तर काहींनी आपल्या ओसरीवर वर्ग भरवू दिले. त्याच वर्षी मराठी व पारशी मुलींच्या शाळा सुरू झाल्या, आणि आरंभी सभेचे तरुण तेथे विनावेतन शिकवत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच हे काम आरंभले होते, त्यामुळे अग्रमान मुंबईकरांचा नाही; तथापि लेखकाला आपल्या शब्दांसाठी उत्तरदायी धरणारी विद्यार्थिसभा ही त्यांची स्वतंत्र आणि मोठी कामगिरी होय.

धर्म व राजकारण हे विषय मात्र सभेच्या नियमांनी वर्ज्य होते. सरकारी शिक्षणसंस्थेच्या छायेत वाढणाऱ्या सभेला या सावधगिरीने संरक्षण दिले असेल, पण स्त्रियांचे शिक्षण, विवाहाचे वय किंवा जातीचे निर्बंध यांची चर्चा धर्माला न शिवता करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते, म्हणून हा नियम विचारांना अपुराच पडणार होता. ऑक्टोबर १८५१ मध्ये मुंबईत पारशी-मुसलमान दंगा झाल्यानंतर, समाजाला परखडपणे बोलणाऱ्या पत्राची गरज ओळखून दादाभाईंनी नोव्हेंबरमध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले. खर्चाचा भार खरशेटजी नसरवानजी कामा यांनी उचलला, आणि सभेतील निबंधांत ज्यांची लेखणी घडली होती अशा तरुणांना येथे नियमांचे कुंपण उरले नाही. पुढे काही काळ या पत्राचे संपादन करणारे सोराबजी शापुरजी बंगाली यांनीच मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठी, विशेषतः मुलांसाठी, कामाच्या तासांवर कायदेशीर मर्यादा हवी ही मागणी १८७८ च्या सुमारास लावून धरली, आणि १८८१ मध्ये भारतातील पहिला फॅक्टरी कायदा संमत झाला.