बुडालेली मजुरी कोण द्यायचं?

समजा, तुम्ही बार्शीटाकळीतल्या एखाद्या जुन्या कबड्डीपटूवर संशोधन करताय. लगेच ढाली-पदकं मोजायला बसू नका. आधी विचारा: सामन्याच्या दिवशी बुडालेली मजुरी त्याला कोण द्यायचं?

याच प्रश्नावरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी संघटनेतून फुटले. त्यांच्या कामगार खेळाडूंना भरपाई हवी होती. त्यातूनच व्यावसायिक ‘रग्बी लीग’ उभी राहिली.

आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या ऑलिम्पिकवेळी बर्लिनला कबड्डी दाखवली. प्रो कबड्डीचा लिलाव आला २०१४ मध्ये. मधली ७८ वर्षं खेळाडूंची घरं कशावर चालली?

मजुरीपायी ज्यांचा खेळ सुटला, ते ढालींवर दिसत नाहीत. म्हणून हजेरीपत्रकं, रजेचे अर्ज शोधा; घरच्यांशीही बोला.