भास्कराचार्यांचा कर्ण आणि बंगळूरचा गवंडी

वर्गमूळ आणि घनमूळ हे शब्द कानी पडताच पुष्कळांना गणिताच्या मास्तरांची छडी आठवते. तथापि या क्रिया जन्मल्या त्या मोजमापाच्या साध्या गरजेतून. यज्ञवेदी रचणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांत दोरीने चौरस आखण्याचे नियम असून, कर्णासाठी दोनाच्या वर्गमूळाचे पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येणारे मान दिले आहे. पुढे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दोन्ही मुळे काढण्याच्या रीती एकेका श्लोकात सांगितल्या.

या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०). आचार्यांचे मूळ गाव कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी ते विजापूर म्हणतात, कोणी खानदेशाकडे बोट दाखवितात. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख मात्र आजही आहे. बंगळूरात नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना हा वाद गोडच वाटतो. दोन्ही घरे आमचीच!

‘लीलावती’त काटकोन त्रिकोणाचे पहिले उदाहरण तीन व चार मापांच्या बाजूंचे आहे, कर्ण येतो पाच. आता बंगळूरकडे पाहावे. येथे घराच्या जागेचे ठरलेले माप म्हणजे तीस फूट बाय चाळीस फूट. पायाची आखणी करताना गवंडी सुतळी ताणून कर्ण मोजतो. तो पन्नास फूट भरला की कोपरा काटकोनात आला. साडेआठशे वर्षांपूर्वीचेच उदाहरण दसपट होऊन येथल्या गल्लोगल्ली उभे आहे.

चाळीस बाय साठच्या जागेत मात्र कर्णाचा वर्ग ५२०० होतो आणि मूळ पुरते निघत नाही. अशा वेळी मोठ्या वर्गाने गुणून मूळ काढावे व त्या वर्गाच्या मुळाने भागावे, असे आचार्य सांगतात. ५२०० ला दहा हजारांनी गुणले असता मूळ सुमारे ७२११ येते. शंभरांनी भागता ७२.११ फूट, म्हणजे बहात्तर फूट आणि सव्वा इंचाहून किंचित अधिक. गवंड्याच्या फितीला एवढे पुरे.

घनमूळाची गाठ पडते पाण्यापाशी. जमिनीखालच्या टाकीला येथे ‘संप’ म्हणतात. नवखा मराठी पाहुणा हा शब्द ऐकून दचकतो! आठ हजार लिटरांच्या घनाकार टाकीची बाजू दोन मीटर. पाणी दुप्पट हवे म्हणून प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर पाणी आठपट मावेल आणि खर्चाने घरधनी बुडेल. सोळांचे घनमूळ सुमारे २.५२, बाजू अर्ध्या मीटरने वाढविली की काम भागते.

याच शहरात १९२९ साली जन्मलेल्या शकुंतलादेवींनी १९७७ मध्ये अमेरिकेत २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ पन्नास सेकंदांत तोंडी काढले. त्या अलौकिक प्रतिभेला आमचा नमस्कार असो. परंतु आम्हांला चिंता वाटते ती सामान्यांच्या मूळज्ञानाची. गवंड्याच्या हाती सुतळी आहे, पण तिचे कारण त्याला कोणी सांगितले नाही. विद्यार्थ्याच्या वहीत कारण आहे, पण त्याने सुतळी कधी ताणलेली नाही. ‘लीलावती’त कारण आणि सुतळी एकत्र नांदत होती. ती पुन्हा एकत्र आली, तरच त्या वारशावर हक्क सांगण्याचा अधिकार आपणांस राहील.