परळीची चिमणी व दाभोळचा करार

परळी वैजनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र. परंतु गेल्या पन्नास वर्षांत तेथें जाणाऱ्या यात्रेकरूस दुरून दिसूं लागते ती औष्णिक वीजकेंद्राची चिमणी. १९७१ मध्यें ३० मेगावॅटच्या लहान संचांनीं आरंभलेलें हें केंद्र पुढें ११३० मेगावॅटपर्यंत वाढलें, आणि २०१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून तें सबंध बंद ठेवावें लागलें. विजेच्या कारखान्याची किंमत बीड जिल्ह्यास अशी पाण्याच्या मापानें ठाऊक आहे. याच परळी तालुक्यांतील नाथ्रा गांवचे गोपीनाथराव मुंडे यांजकडे १९९५ मध्यें कोंकणांतील एका वीजकेंद्राचा निवाडा आला होता. तो प्रसंग आम्हांस येथें सांगावयाचा आहे.

जून १९९२ मध्यें एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे प्रतिनिधि आले, आणि थोड्याच दिवसांत राज्य विद्युत् मंडळाशीं त्यांचें सामंजस्यपत्र झालें. स्पर्धेच्या निविदा मागविल्या नाहींत. जागा ठरली गुहागर तालुक्यांत, दाभोळच्या खाडीच्या मुखाजवळ, अंजनवेल व वेलदूर या गांवांच्या परिसरांत. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याप्रमाणें अशी मोठी योजना प्रसिद्ध करून हरकतींस मुदत द्यावी लागे व केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाची संमति घ्यावी लागे. कायदा चांगला होता. घाई त्याहून बलवत्तर ठरली. ही योजना आर्थिक दृष्ट्या परवडणारी नाहीं, असें जागतिक बँकेनें एप्रिल १९९३ मध्यें कळविलें असतांही डिसेंबरांत वीजखरेदीचा करार झाला, आणि तोही लोकांपासून झांकून ठेवण्यांत आला. वीज उचला वा न उचलूं नका, ठराविक रक्कम मंडळानें दिलीच पाहिजे, असें त्यांतील कलम होतें. घरचा वाणीदेखील न नेलेल्या धान्याचे पैसे मागत नाहीं!

गांवकऱ्यांची तक्रार डॉलरची नव्हती. आपली जमीन जाईल, केंद्राचें ऊन पाणी खाडींत सुटून मासळी नाहींशी होईल, आंबाकाजूच्या बागांस धक्का लागेल, ही त्यांची धास्ती होती. १९२१ मध्यें टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करणाऱ्या मुळशी पेट्यांतील मावळ्यांचें दुःखही याच जातीचें होतें. वीज दूरच्या शहरांस, आणि विस्थापन मात्र जागेवरच्यांस.

त्या वर्षींच्या निवडणुकींत हा प्रकल्प अरबी समुद्रांत बुडविण्याची घोषणा गाजली. नवें सरकार आलें, आणि उपमुख्यमंत्री मुंडे यांच्या समितीनें चौकशी करून स्पर्धेचा अभाव, गुप्तता, महाग दर व पर्यावरणाचा प्रश्न या कारणांनीं करारावर कडक ठपका ठेवला. ता. ३ ऑगस्ट १९९५ रोजीं मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनीं तो रद्द झाल्याचें विधानसभेंत जाहीर केलें. मुंडे यांचा अहवाल आम्ही बहुतांशीं योग्य मानतों. खेद वाटतो तो पुढील पांच महिन्यांचा. कंपनीनें लंडनला लवादाचा दावा मांडला, तज्ज्ञांची समिति वाटाघाटीस बसली, आणि जानेवारी १९९६ मध्यें दर कांहींसा उतरवून तोच प्रकल्प पूर्वीपेक्षां मोठ्या आकारांत मान्य झाला. वाटाघाट दराची होती. वेलदूरच्या कोळ्यास त्या बैठकींत आसन नव्हतें.

आंदोलन थांबलें नाहीं. जमावबंदीचे हुकूम निघाले, अटका झाल्या, आणि ता. ३ जून १९९७ च्या पहांटे पोलिसांनीं वेलदूरच्या घरांत शिरून स्त्रियांसही मारहाण केली. प्रकल्पावर ठेवलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हें ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें १९९९ मध्यें आपल्या अहवालांत नमूद केलें.

त्याच १९९९ मध्यें केंद्राचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि त्याच वर्षीं विजेचे दर तपासणारा राज्य नियामक आयोगही जन्मला. औषध आलें तें रोग जडल्यावर. दर युनिटला सात रुपयांवर गेला. माधव गोडबोले यांच्या समितीनें २००१ मध्यें पुन्हां तेच दोष दाखविले. मे महिन्यांत मंडळानें वीज घेणें बंद करून आयोगाकडे दाद मागितली, तेव्हां कंपनीनें आयोगाचा अधिकारच नाकारला. केंद्र बंद पडलें. डिसेंबरांत अमेरिकेंत एन्रॉनचेंही दिवाळें निघालें. २००६ मध्यें सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानें केंद्र पुन्हां चालूं झालें, निराळ्या नांवानें. अंजनवेलच्या जमिनी परत गेल्या नाहींत.