सरकार उठलं, गाव बसलं

ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘चले जाव’च्या चळवळीत, सातारा जिल्ह्यातल्या कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. उंडाळ्याचे बाळकृष्ण पाटील आघाडीवर, मागे खेड्यापाड्यांतले शेतकरी. मग तासगाव, वडूज, इस्लामपूर. वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसं पडली. पुढारी तुरुंगात गेले, उरलेले भूमिगत झाले आणि पोलीस त्यांच्या मागावर लागले. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांत दरोडेखोरांच्या टोळ्यांना मोकळं रान मिळालं. स्वातंत्र्याची घोषणा दिलेल्या गावांत रात्री दाराला कडी घालून लोक जागत बसू लागले.

अशा वेळी काय होतं, याचं उत्तर शास्त्रकारांनी आधीच देऊन ठेवलं होतं. दंड धरणारा राजा नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मात्स्यन्याय महाभारताच्या शांतिपर्वात आहे. इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात थॉमस हॉब्जनं १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये तेच म्हटलं: वर सत्ता नसेल तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध. १९३७ मध्ये टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं समाजात सुव्यवस्था टिकते तरी कशी, हा प्रश्न हॉब्जच्याच नावानं आपल्या विद्येच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. त्यानंतर सहाच वर्षांनी साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी त्याला आपल्या परीनं उत्तर दिलं. १९४३ मध्ये ब्रिटिश सत्तेला समांतर असं प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर हे त्याचे हातपाय. ७ जून १९४३ ला कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली, ती गोष्ट अजून सांगितली जाते. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती या सरकारची न्यायदान मंडळं. दरोडेखोरांचा बंदोबस्त करणं हे प्रतिसरकारचं अगदी सुरुवातीचं काम होतं. त्यामागोमाग लोक आपले तंटे घेऊन येऊ लागले.

तंटे सोडवण्याचं हे तंत्र काही एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. त्याचं कूळ फार मागे जातं. शिवकाळात आणि त्याआधीही कऱ्हाड प्रांतात वतनाचा, पाटीलकीचा वाद पडला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदारही एकत्र जमत. निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी, बलुतेदाराच्या नावाशी त्याच्या हत्याराची. साक्षीदाराला कधी नदीच्या पात्रात उभं करून बोलतं करत. धाक देवाचा होता, पण काठावर उभ्या असलेल्या गावाचा त्याहून अधिक होता. १८१८ नंतर एल्फिन्स्टननं पंचायतींची वाखाणणी केली खरी. पण १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं, आणि दिवाणी कोर्ट, स्टँप, वकील यांच्यापुढे पंच मागे पडले. कागद ज्याच्या हाती त्याचं फावलं, म्हणजे बहुधा सावकाराचं.

गोतसभेचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. ती वतनाची आणि जातीची उतरंड सांभाळणारी व्यवस्था होती. तिथं शांतता होती ती ज्यानं त्यानं आपल्या पायरीनं राहावं, या अटीवर. ही अट मोडण्याचं काम सत्यशोधकांनी केलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला पुण्यात स्थापलेला समाज साताऱ्याच्या खेड्यांत रुजला तो जलशांमधून, भटजीविना लावलेल्या लग्नांतून, खंडकऱ्यांच्या आणि कुळांच्या गाऱ्हाण्यांतून. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती कराडशेजारच्या काले गावी, सत्यशोधक मंडळींच्याच परिषदेत. नाना पाटील याच वातावरणात वाढले. आधी ते तलाठी होते. सात-बारा कसा फिरवतात हे त्यांना आतून ठाऊक होतं.

आणखी एक पूर्वज अगदी हाताशी होता. कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. तिथं भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेकडे सोपवली. गावानं पंच निवडायचे आणि न्याय गावातच व्हायचा, अशी ती घटना होती. ब्रिटिश मुलखातल्या भूमिगतांना औंधात आसरा मिळे, आणि डोळ्यांसमोर एक चालता नमुनाही.

न्यायदान मंडळात हे सगळे पूर्वज एकत्र आले. रात्रीची वेळ, समोर वादी, समोर प्रतिवादी. स्टँप नाही, वकील नाही. सावकारानं दाबलेली जमीन, कोरलेला बांध, नवऱ्यानं टाकलेली बायको. बांध कुणी कोरला हे तिथं बसलेल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. खोटी साक्ष द्यायची तर ती शेजाऱ्याच्या तोंडावर द्यावी लागे, आणि सकाळी त्याच पाणवठ्यावर जावं लागे. सुव्यवस्थेचं मूळ मला इथं सापडतं. हॉब्जचा एकटा, भेदरलेला माणूस या गावांत नव्हताच. इथला माणूस भावकीत, वाटेकऱ्यांत, पाळीच्या पाण्यात गुंतलेला. गोतसभेचा हा गुण मंडळानं उचलला आणि वतनाची अट टाकून दिली. टाकलेल्या बाईचं गाऱ्हाणं तिच्याच तोंडून चार लोकांत ऐकलं जाणं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण हीच पकड निष्ठुरही होऊ शकते. गुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर फटके बसत. त्याच मारावरून ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांत पसरलं. काही खबऱ्यांचा जीवही गेला. सगळं गाव एकीकडे आणि एकटा माणूस दुसरीकडे असला, तर त्यानं दाद कुठं मागायची? कार्यकर्त्यांचा त्याग मोठा होता म्हणून हा प्रश्न लहान होत नाही. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातले बहुतेक जण हटले नाहीत. १९४६ मध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ मुंबईत आल्यावर वॉरंटं उठली, ते बाहेर आले आणि मंडळंही थांबली.

या कुळातला अलीकडचा वारस तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांनी गृहमंत्री असताना आणला: १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. समिती ग्रामसभा नेमते, बैठक चावडीवर किंवा देवळात होते, आणि बांधाचा वाद अजूनही बांध ठाऊक असलेल्यांसमोरच येतो. फरक इतकाच, की इथं तडजोड होते, शिक्षा नाही. तडजोड ज्याला मान्य नाही त्याला कराडच्या कोर्टाची वाट मोकळी असते.