कापडी छत आणि शहापूर-मुरबाडचा पाऊस

मुरबाडला रेल्वेने जाता येत नाही. शेजारच्या शहापूरचं नशीब त्या मानाने बरं. 1861 मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोचला आणि आसनगाव, आटगाव, खर्डी नकाशावर ठळक झाली. पण स्टेशनात उतरल्यावर पुढे डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे गाठायचं तर रस्त्यानेच. तेव्हा या दोन तालुक्यांचा प्रवास बैलगाडीच्या टपाखाली, मग एसटीच्या, जीपच्या, टमटमच्या छताखाली झाला. त्या छतांची गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही. गाडीचं इंजिन, चाकं, किंमत यांवर माणसं तासन्‌तास बोलतात. डोक्यावर ताणलेलं कापड मात्र ते लोंबून केसांना लागेपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही.

इथे पावसाशी गाठ आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तोही जेमतेम चार महिन्यांत. मुंबईला पाणी देणारी तानसा (1892) आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात बांधली गेली ती उगाच नाही. अशा मुलखातल्या माणसाने आडोसा कापडाचा केला नाही. भातलावणीला अंगावर इरलं घेतलं ते बांबूच्या कामट्या आणि पानांचं. गाडीवर टप बसवला तो बांबूच्या कमानींवर तट्ट्या बांधून. कमानी आणि त्यांवर आच्छादन, ही रचना पुढे फार दूरपर्यंत गेली. जीपच्या हूडमध्ये ती आहे आणि जुन्या फियाटच्या छतातही आहे. फरक पडला तो आच्छादनाच्या मालात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. बेडफोर्डची, तीस आसनांची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. बॉडी लाकडी, आसनं काथ्याची आणि वर छप्पर जाड कापडाचं! आज हे वाचून नवल वाटतं, पण त्या काळात ते मागासलेपणाचं लक्षण नव्हतं. अमेरिकेतल्या बहुतेक बंद मोटारींच्या टपाचा मधला भागही 1930च्या दशकापर्यंत लाकडी चौकटीवर ताणलेल्या लेपाच्या कापडाचाच असे. एवढा रुंद पत्रा एका ठोक्यात दाबून काढणारी यंत्रं आली तेव्हा जनरल मोटर्सने 1935च्या मॉडेलांवर अखंड पोलादी टप दिला. मोटारीचं कापडी छप्पर गेलं ते अशा यंत्रांमुळे.

एसटीने कापड लवकरच सोडलं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाड्यांना ॲल्युमिनियमचा पत्रा आला. अलीकडच्या गाड्यांची बॉडी पोलादी आहे. शहापूर आणि मुरबाड ही ठाणे विभागाची आगारं. तिथल्या गाड्या म्हणजे गळती, चिखल, टपावरचे बोजे आणि घाटातले हादरे यांची रोजची परीक्षा. अशा गाडीला आतून मखमली अस्तर लावण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही, आणि तेच शहाणपणाचं होतं. रिव्हेट मारलेला पत्रा किंवा बोर्ड फडक्याने पुसता येतो, एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. प्रवाशांना आवाज जास्त येतो, उन्हाळ्यात टप तापतो, ही त्याची किंमत. एसटीने ती मोजली आणि छत टिकवलं.

जीपची वाट वेगळी. विलीज जीप मूळची लष्करी. 1945 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने, म्हणजे आजच्या महिंद्राने, ती भारतात जोडायला घेतली तेव्हा तिच्या कमानींवर कॅनव्हास होता. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्या गावोगावच्या काळ्या-पिवळ्या झाल्या. पावसात भिजून घडी घातलेला कॅनव्हास कुजतो, शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं. म्हणून हूड रेक्झिनचा झाला, आणि ज्यांना परवडलं त्यांनी पत्र्याचा किंवा फायबरचा कायमचा टप चढवला. रिक्षा आणि टमटमचे हूड शिवणाऱ्यांच्या हातीही हाच माल आला.

रेक्झिन हे मूळचं एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव. सुरुवातीचा माल कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन होत असे. पुढे पीव्हीसी आलं आणि त्याने बाजार काबीज केला. तापलेल्या रुळांतून पीव्हीसीचा पातळ पापुद्रा काढायचा, तो कापडावर चिकटवायचा आणि वर चामड्यासारखा दाणा उठवायचा. हा उद्योग करणाऱ्यांत भोर इंडस्ट्रीज हे मोठं नाव होतं. त्यांच्या कारखान्यात लेदरक्लॉथ बनताना मधल्या टप्प्यावर जो कच्चा पापुद्रा निघतो, त्यावर अबकारी कर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1989 मध्ये न्यायालयाने सांगितलं की जो माल त्या अवस्थेत बाजारात विकला जात नाही त्यावर हा कर नाही. करकायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात. ज्या वस्तूवर तो निघाला ती गावोगावच्या कुशनवाल्याच्या फळीवर गुंडाळून ठेवलेली असते.

या कुशनवाल्यांचा खरा सराव झाला तो मुंबईच्या टॅक्सीवर. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, छत बैलगाडीच्या टपाच्याच तत्त्वाचं. आत पोलादी तारांच्या कमानी, अस्तराला शिवलेल्या पट्ट्यांतून त्या ओवायच्या आणि कडा चारही बाजूंनी ताणून बसवायच्या. फाटलं की उतरवा, नवं शिवा. टॅक्सीवाल्यांनी त्यासाठी फुलाफुलांचं, चकचकीत, पुसता येणारं रेक्झिन निवडलं. 2015 मध्ये संकेत अवलानी यांच्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमाने तरुण चित्रकारांना याच छतांच्या आणि आसनांच्या कापडांसाठी नक्षी करायला दिली, तेव्हा वर्तमानपत्रांचं लक्ष तिकडे गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

तोवर मोटारींची छतं पार बदलली होती. आताच्या गाडीत कमानी नाहीत. साच्यात दाबलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्यावर फोमचा पातळ थर आणि फोमला चिकटलेलं विणलेलं कापड. नवं असताना हे फार सुंदर दिसतं. बिघाड होतो तो फोममध्ये. उन्हात उभ्या गाडीचा टप तापतो, पावसाळ्यात हवेतला ओलावा आत मुरतो, आणि पॉलियुरेथेन फोमचे रासायनिक बंध वर्षानुवर्षं तुटत जातात. शेवटी त्याची भुकटी होते, कापड सुटतं आणि मागच्या काचेतून दिसेनासं होईल इतकं लोंबतं. उल्हास नदीला पूर येऊन कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल बंद पडतो, तेव्हा पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या छतांना बुरशीही धरते.

लोंबणाऱ्या कापडाला टाचण्या टोचून किंवा सुईने सोल्युशन सोडून भागवणारे पुष्कळ. ते काम टिकत नाही, कारण सोल्युशन चिकटतं ते भुकटी झालेल्या फोमला. बोर्ड गाडीबाहेर काढून, ब्रशने जुना फोम पूर्ण खरवडूनच पुढचं काम करावं लागतं. त्यावर पुन्हा फोमचं कापड लावायचं की दुसरं काही?

या दोन तालुक्यांत उत्तर दुसरंच असायला हवं. बारीक छिद्रांचं रेक्झिन थेट बोर्डावर लावलं तर आवाज थोडा शोषला जातो आणि डाग पुसता येतात. व्हॅन किंवा मालवाहू गाडीला एबीएस प्लास्टिकची किंवा फायबरची शीट आणखी बरी. रुग्णवाहिकांचं आतलं अस्तर धुता येईल असंच करतात. राज्यात 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झालेली 108 सेवा शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत पोचते आणि तिच्या छताला कापड परवडणारं नाही.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. पहिली आगीची. अमेरिकेत 1972 पासून गाडीच्या आतल्या मालाने मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा वेगाने जळू नये असा नियम आहे. भारतात त्यासाठी आयएस 15061 हे मानक आहे. घरगुती सोफ्याचं स्वस्त रेक्झिन गाडीच्या छताला वापरू नये, वाहनासाठी बनलेलंच मागावं. दुसरी गोष्ट एअरबॅगची. नव्या गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅगा छताच्या कडेमागे घडी करून ठेवलेल्या असतात. तिथे स्क्रू मारलेली कडक शीट अपघातात त्यांची वाट अडवेल. अशा गाडीत मूळ बोर्डाचा आकार तसाच ठेवून फक्त वरचा थर बदलावा.

आणि हे काम एप्रिल-मेमध्येच उरकून घ्यावं. दमट हवेत सोल्युशन उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि जोड कच्चा राहतो.