पाळलेला कुत्रा गेल्यानंतर घरात नवा कुत्रा आणावा का?

बारा-तेरा वर्षे घरात वावरलेला कुत्रा गेला की घर सुने होते. 'कुत्राच तर होता' असे लोक सहज म्हणतात, पण हे दुःख खरे असते. झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, साखळीचा आवाज आल्याचा भास होणे, हे सुरुवातीच्या दिवसांत स्वाभाविक आहे. अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणते, "लगेच दुसरा आणू या." हा निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करावा.

नवा कुत्रा हे दुःखावरचे औषध आहे का?

नाही. नेहमी दिसणारे एक उदाहरण पाहा. सत्तरीतले, मधुमेह असलेले आजोबा कुत्र्यासोबत रोज सकाळ-संध्याकाळ फिरायचे. कुत्रा गेला, फिरणे थांबले, साखर वाढली. मुलांनी न विचारता पिल्लू आणून दिले. रात्री रडणारे आणि घरभर शू करणारे पिल्लू सांभाळताना आजोबा थकले. त्यातच 'हा त्याच्यासारखा नाही' ही खंत राहिली. मुलांचा हेतू चांगला होता, पण आजोबांना विचारायचे राहून गेले.

म्हणून ज्याला रोज सांभाळायचे आहे, त्याचा होकार आधी घ्या. तोपर्यंत फिरणे थांबवू नका. काही दिवस घरातल्या कोणीतरी सोबत जावे.

किती दिवस थांबावे?

ठरावीक मुदत नाही. जुन्या कुत्र्याच्या आठवणी रडू न येताही सांगता येऊ लागल्या, घरातले सगळे तयार असले आणि 'तसाच' कुत्रा हवा हा हट्ट सुटला, की विचार करायला हरकत नाही. नव्याला जुन्याचे नाव शक्यतो देऊ नका. त्याने तुलना वाढते.

लहान मुलांना 'तो झोपला' किंवा 'गावाला गेला' असे सांगू नका. साधारण पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू कायमचा असतो हे कळत नाही, ती वाट पाहत राहतात. 'तो मेला, आता परत येणार नाही' असे सोप्या शब्दांत सांगा आणि त्यांना रडू द्या.

जुना कुत्रा कशाने गेला?

• वार्धक्य, कर्करोग, मूत्रपिंडाचा जुनाट विकार: नव्या कुत्र्याला संसर्गाचा धोका नाही.
• पार्व्हो: याचे विषाणू घरात, अंगणात अनेक महिने, कधी वर्षभरही टिकतात. नुसत्या फिनाइलने ते मरत नाहीत. ब्लीचने स्वच्छता कशी करावी हे पशुवैद्यांना विचारा आणि लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणू नका.
• लेप्टोस्पायरोसिस: हा माणसांनाही होतो. कुत्र्याच्या आजारपणानंतर घरात कोणाला ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
• रेबीजची शंका (वागण्यात अचानक बदल, लाळ गळणे, गिळता न येणे): तो चावला असेल, ओरखडला असेल किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्यांना, तोंडाला लागली असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो.

घरातल्यांची प्रकृती

• रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, तोल जाणारे किंवा हाडे ठिसूळ असलेले ज्येष्ठ: पिल्लू पायात येऊन पडण्याचा धोका असतो. शांत स्वभावाचा मोठा कुत्रा अधिक सोयीचा.
• केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्लीहा काढलेले रुग्ण: आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. सहा महिन्यांखालील पिल्लू टाळणे बरे.
• दमा, ॲलर्जी: ॲलर्जी अजिबात न होणारी कुत्र्याची जात नाही. आणण्यापूर्वी त्या कुत्र्यासोबत दोन-तीनदा वेळ घालवून पाहा.

पिल्लू आणायचे ठरले तर

• आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आईपासून तोडू नका. भारतात 2017 च्या नियमांनुसार त्याच्या विक्रीलाही मनाई आहे.
• सहा ते आठ आठवड्यांपासून लसीकरण आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. पुढचे डोस पशुवैद्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे.
• जंताचे औषध नियमित द्या. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात.
• चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा असला तरी. हळद, तिखट, चुना लावू नका.

डॉक्टरांची मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांनंतरही रोजची कामे होत नसतील, जेवण-झोप सुधारत नसेल किंवा 'मीच त्याला मारले' ही भावना जात नसेल, तर आपल्या डॉक्टरांना भेटा. दयामरणाचा निर्णय घ्यावा लागलेल्या घरांत ही भावना विशेष दिसते. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे.

थोडक्यात

नवा कुत्रा जुन्याची जागा घेत नाही, तो स्वतःची जागा तयार करतो. ती जागा द्यायला घर तयार असेल तेव्हाच त्याला आणा. आणि पुन्हा कुत्रा न पाळण्याचे ठरवले, तरी त्यात जुन्यावरचे प्रेम कमी होत नाही.