दान दिलेले चित्र विकता येते का? फिस्क विद्यापीठाचा खटला

१/ दाता हयात नाही. 'विकू नये' अशी त्याची अट मात्र कागदावर आहे, आणि दान घेणारी संस्था बंद पडण्याच्या बेतात आहे. अशा वेळी कायद्याने कोणाचे ऐकावे? अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या न्यायालयांत हा वाद २००५ ते २०१२ असा सात वर्षे चालला.

२/ नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ १८६६ साली, गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झाले. दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलेले. १८७१ मध्ये तिजोरी रिकामी झाली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या 'जुबिली सिंगर्स' या गायकवृंदाने गावोगावी गाऊन निधी जमवला आणि विद्यापीठ तगवले.

३/ प्रख्यात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ १९४६ मध्ये निवर्तले. त्यांचा प्रचंड कलासंग्रह त्यांच्या पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांनी निरनिराळ्या संस्थांना वाटला. लेखक कार्ल व्हॅन व्हेक्टन यांच्या सूचनेवरून १९४९ मध्ये १०१ कलाकृती फिस्कला मिळाल्या. त्यांत सेझान, पिकासो, रेन्वार, डिएगो रिव्हेरा होते. आफ्रिकी शिल्पे होती. आणि ओ'कीफ यांचे स्वतःचे 'रेडिएटर बिल्डिंग' (१९२७) होते.

४/ येथे सन लक्षात घ्यावे. १९४९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णविभाजनाचे कायदे लागू होते. त्या प्रदेशात आधुनिक कलेचा असा ठेवा एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या जुन्या व्यायामशाळेत मांडला गेला. संग्रह विकू नये, अदलाबदल करू नये, तो एकत्र राहावा, अशा ओ'कीफ यांच्या अटी होत्या.

५/ २००५ मध्ये विद्यापीठाने 'रेडिएटर बिल्डिंग' आणि मार्सडेन हार्टली यांचे एक चित्र विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. ओ'कीफ यांच्या वारसाहक्काचा दावा सांगणारे सांता फे येथील जॉर्जिया ओ'कीफ संग्रहालय विरोधात उभे राहिले.

६/ पुढे गंमत झाली. 'चित्रकर्तीच्या इच्छेचा भंग होतो' म्हणणारे हेच संग्रहालय तडजोडीत ते चित्र ७० लाख डॉलरना विकत घ्यायला तयार झाले! राज्याच्या महाधिवक्त्यांनी हरकत घेतली आणि २००७ मध्ये न्यायालयाने ही तडजोड फेटाळली. दात्याच्या इच्छेचा कैवार किती निःस्वार्थ असतो, याविषयी शंका यावी असाच हा प्रसंग.

७/ दरम्यान वॉलमार्ट घराण्यातील ॲलिस वॉल्टन यांच्या आर्कान्सामधील 'क्रिस्टल ब्रिजेस' संग्रहालयाने नवा प्रस्ताव दिला : ३ कोटी डॉलर घ्या, अर्धी मालकी द्या, संग्रह आळीपाळीने दोन्हीकडे राहील. २००८ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यालाही नकार दिला.

८/ २००९ मध्ये अपील न्यायालयाने खटल्याचा रोखच बदलला. ओ'कीफ संग्रहालयाला या प्रकरणी दाद मागण्याचा हक्कच नाही, असे त्याने ठरवले. उरला प्रश्न 'सी-प्रे' तत्त्वाचा. दात्याची अट जशीच्या तशी पाळणे अशक्य झाले, तर न्यायालय मूळ हेतूच्या शक्य तितका जवळचा मार्ग आखून देते. (महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ५५ याच तत्त्वाचे आहे.)

९/ आता लोकहिताच्या वतीने लढायला महाधिवक्ता एकटे उरले. संग्रह नॅशव्हिलमध्येच राहावा, असा त्यांचा आग्रह. गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसवणारे कायदे ज्या राज्याने एकेकाळी केले, तेच राज्य आता चित्रे कृष्णवर्णीय विद्यापीठातून हलू नयेत म्हणून भांडत होते. विद्यापीठाचे उत्तर साधे होते : विद्यापीठच उरले नाही, तर चित्रे टांगायची कुठे? हे उत्तर खोडून काढणे सोपे नव्हते.

१०/ २०१० मध्ये न्यायालयाने विक्रीला संमती दिली, पण ३ कोटींपैकी २ कोटी डॉलर केवळ संग्रहाच्या जतनासाठी राखून ठेवण्याची अट घातली. २०११ मध्ये अपिलात ती अट रद्द झाली. एप्रिल २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने महाधिवक्त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि ऑगस्टमध्ये अंतिम करारावर शिक्कामोर्तब झाले.

११/ २०१३ मध्ये संग्रह प्रथमच आर्कान्सात मांडला गेला. करारानुसार तो दर दोन वर्षांनी जागा बदलतो.